इस्लामिक बँकांचा नफा बौद्धिक भांडवलामुळे वाढतो, हे सिद्ध झाले आहे का?

बौद्धिक भांडवल, म्हणजे कर्मचाऱ्यांचे ज्ञान व कौशल्य आणि संस्थेच्या कार्यपद्धती, जास्त असलेल्या इस्लामिक बँका (शरीया, म्हणजे इस्लामी धर्मनियमांनुसार व्याजाविना चालणाऱ्या बँका) अधिक नफा मिळवतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे का, असे आपण विचारले आहे. असा संबंध आहे, असे मलाही वाटते. मात्र तो दाखवण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ‘व्हीएआयसी’ (मूल्यवर्धनावरून बौद्धिक भांडवलाची कार्यक्षमता मोजणारा निर्देशांक) हे मापक मला पुरेसे विश्वासार्ह वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या आकडेमोडीतच आहे.

आन्ते पुलिच या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत परिचालन नफा, कर्मचाऱ्यांवरील खर्च आणि घसारा यांची बेरीज म्हणजे मूल्यवर्धन. समजा, ते ३०० कोटी आहे, कर्मचारी खर्च १२० कोटी आणि गुंतवलेले भांडवल १,००० कोटी. मानवी भांडवलाची कार्यक्षमता ३०० भागिले १२०, म्हणजे २.५, उरलेले १८० कोटी संरचनात्मक भांडवल, त्याचे मूल्यवर्धनाशी प्रमाण ०.६, आणि गुंतवलेल्या भांडवलाची कार्यक्षमता ०.३. या तिन्हींची बेरीज, म्हणजेच व्हीएआयसी, ३.४. आता बँकेने कर्मचारी खर्च २० कोटींनी कमी केला आणि तेवढाच नफा वाढला, तर मूल्यवर्धन ३०० कोटीच राहते, पण निर्देशांक जवळजवळ ४ वर जातो. अनुभवी माणसे घरी गेली, तरी कागदावर बौद्धिक भांडवल वाढले! शिवाय नफा मूल्यवर्धनातही आहे आणि नफाक्षमता मोजणाऱ्या मालमत्तेवरील परताव्यातही (नफा भागिले एकूण मालमत्ता), त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र हलतात यात नवल नाही.

इस्लामिक बँकेत ज्ञानाचा नफ्याशी असलेला संबंध याहून थेट आहे. मुराबहा या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात बँक वस्तू आधी स्वतः विकत घेते आणि मग ठरलेला नफा मिळवून ग्राहकाला विकते. मालकी बँकेकडे येण्यापूर्वीच विक्रीचा करार झाला, तर बँकेचे व्यवहार धर्मनियमांनुसार आहेत का हे तपासणारी शरीया समिती ते उत्पन्न अमान्य ठरवू शकते आणि ते धर्मादाय कामाला द्यावे लागते. म्हणजे शाखेतील अधिकाऱ्याला कागदपत्रांचा क्रम आणि त्यामागचे कारण ठाऊक नसेल, तर नफा हातातून जातो. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने २००५ मध्ये इस्लामिक वित्ताच्या शिक्षणासाठी ‘इन्सीफ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली, ती मला म्हणूनच दूरदृष्टीची वाटते. पण अशा प्रशिक्षणाचा खर्च कर्मचारी खर्चात धरला, तर याच सूत्रात तो त्या वर्षी बँकेला कमी कार्यक्षम ठरवतो.

एखादा अभ्यास वाचताना मुदारबा ठेवीदारांना (ठरलेल्या व्याजाऐवजी बँकेच्या नफ्यात वाटा घेणाऱ्यांना) दिलेला नफ्याचा वाटा कसा धरला आहे, हेही आवर्जून पाहा. तो व्याजासारखा खर्च मानून वजा केला, तर मूल्यवर्धन घटते. भागीदारांमधील वाटप मानला, तर ते वाढते. मुदारबा ही मुळात नफ्यातील भागीदारी असल्याने मला दुसरी मांडणी अधिक योग्य वाटते, मात्र तुलनेतील सर्व बँकांना ती सारखीच लावलेली असली पाहिजे.