स्टॉकहोमला नऊ तास आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न: ताई, जूनमध्ये बाल्टिक क्रूझला निघतोय, मी, हे आणि सासूबाई (वय ७२, गुडघ्यांची तक्रार). स्टॉकहोमला जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार. जहाजवाल्यांची टूर फारच महाग आहे. आपलं आपण फिरता येईल का? आणि ते वासा म्युझियम खरंच एवढं भारी आहे, की एक जुनं जहाज बघायला जहाजातून उतरायचं?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: अहो, फिरता येईल की, पण आधी तिकिटावर बंदराचं नाव नीट वाचा. काही मोठी जहाजं स्टॉकहोम म्हणून चक्क न्यूनेसहाम्नला लागतात, ते शहरापासून साधारण ६० किलोमीटर, म्हणजे लोकल ट्रेननं जायचा-यायचा मिळून दोन-सव्वादोन तास गेलेच समजा. आम्ही हे न वाचताच उतरलो होतो आणि मग ट्रेनमध्ये मी आणि हे एकमेकांशी बोलतच नव्हतो. शहरातल्याच स्तादसगोर्डेन धक्क्याला लागलं तर मात्र चैन, समोरच जुनं शहर.

वासा बघाच. सतराव्या शतकातली युद्धनौका, १० ऑगस्ट १६२८ला पहिल्यांदाच निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडाली, तेही बंदरातच, लोक काठावर बघत असताना! वर तोफांचा भार आणि खाली वजन कमी, वारा आला तशी कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत. गंमत म्हणजे (गंमत कसली) आधी ३० खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून टेस्ट घेतली होती, जहाज इतकं डोलायला लागलं की टेस्टच थांबवली, पण राजाला घाई होती, त्याला सांगणार कोण. १९६१ला वर काढलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी कीड जगत नाही म्हणून ३३३ वर्षांनी सुद्धा जवळपास अख्खं मिळालं. आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी आहेत ना, तशी नजर वर वर जात राहते. लिफ्ट आहे, सासूबाईंना त्रास नाही, पण लाकडासाठी आत गार ठेवतात तेव्हा शाल घ्या.

तिथे जायला जुन्या शहरालगतच्या स्लूसेनहून यूरगोर्डेनची (म्युझियम असलेलं बेट) फेरीबोट धरा, दहा मिनिटं, कार्ड टॅप केलं की झालं. तिथे कॅश जवळजवळ कुणी घेत नाही, टॉयलेटलाही कार्ड लागतं, म्हणून कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा.

परतताना गाम्ला स्तान, म्हणजे तेच जुनं शहर. इथे दगडी फरशी, चढउतार, तेव्हा सगळं बघायचा हट्ट नको. तुम्ही दोघं मोर्टेन त्रोत्सिगची गल्ली बघून या, एका ठिकाणी ती फक्त ९० सेंटिमीटर रुंद आहे आणि पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना स्टोरटोर्येट चौकात बसवा, समोर नोबेल म्युझियम आणि रंगीत घरं, हातात वेलदोड्याचा बन आणि कॉफी. याच चौकात १५२०ला मोठं शिरकाण झालं होतं, ते बन खाऊन झाल्यावर सांगा. तिथला राजवाडा, बाकीची संग्रहालयं वगैरे या खेपेला सोडा.

आणि घड्याळ लावून फिरा, उन्हाकडे बघून नाही. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे चार वाजले तरी दुपारच वाटते. टूरवाली बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी नाही थांबणार, मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं.