समुद्री माशांना रोज तेच ते पेलेट (सुक्या खाद्याच्या बारीक गोळ्या) घातलं तर चालतं का?

चालतं. म्हणजे मासा लगेच मरत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

तुम्ही लिहिलंय की खारघरला घरी चार फुटी मरीन टँक आहे, त्यात दोन क्लाउन मासे आणि एक यलो टँग नावाचा पिवळा मासा, आणि दुकानदाराचं म्हणणं असं की चांगल्या कंपनीचं पेलेट पुरे, बाकी सगळे चोचले. 'चोचले' वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. हाच शब्द माझ्या मोठ्या दिरांनी गणपतीत, भरल्या पंगतीत माझ्यासाठी वापरला होता. तेव्हा मी वाढत होते, हातात वरणाचं भांडं होतं, काही बोलता आलं नाही.

भाऊजींचा टँक सीवूड्सला. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालय बघून आले तेव्हापासूनचं वेड. पाण्याचं काम एकदम चोख. क्षारता, नायट्रेट, अल्कलिनिटी, सगळं तारीखवार वहीत. त्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही. २०२३ च्या मे महिन्यात ते आणि जाऊबाई लेकीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला गेले, आठ आठवडे. माझं ऑफिस बेलापूरला, ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जाते, सीवूड्स वाटेतच. त्यामुळे किल्ली माझ्या पर्समध्ये आली. टँकखालच्या कपाटावर कागद चिकटवलेला: सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट, बाकी काही नाही. 'बाकी काही नाही'च्या खाली दोन रेघा.

पहिल्या दिवशी साडेसातला पोचले, दिवे लागायचे होते. बघते तर त्यांच्याकडचा यलो टँग फिका पडलेला आणि अंगावर मधोमध पांढरट आडवा पट्टा. घाबरून फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा. भाऊजी म्हणाले, "अगं, रात्री त्याचा रंग असाच होतो. दिवे लागले की बघ." खरंच, थोड्या वेळात पिवळाधम्मक झाला. पण आता नीट बघत होते म्हणून बाकीचंही दिसलं. डोळ्यांभोवती आणि अंगावरच्या बाजूच्या रेषेवर बारीक खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. पोट आत ओढलेलं. समोरून बघितलं तर डोळ्यांच्या मागे कपाळ खोल गेलेलं. पुन्हा फोन केला. "वय झालंय त्याचं," म्हणाले.

मग मी पेलेटचा डबा उघडला आणि वास घेतला.

खवट. ज्या बाईने आयुष्यभर सुकं खोबरं, शेंगदाणे आणि सोडे साठवलेत तिला हा वास ओळखायला टेस्ट किट लागत नाही. क्रॉफर्ड मार्केटहून घाऊक भावात आणलेला मोठा डबा, झाकणावर त्यांच्याच अक्षरात उघडल्याची तारीख, २०२१ ची! दोन वर्षं मुंबईच्या दमट हवेत, टँकखालच्या उबदार कपाटात. पाण्याची वही इतकी काटेकोर ठेवणाऱ्या माणसाने डब्यात कधी नाक घातलं नव्हतं.

पेलेट वाईट असं मी म्हणत नाही. ताजं असेल तर ते जेवणातल्या पोळीसारखं आहे, पाया म्हणून उत्तम. पण त्यात माशाचं तेल असतं, ते हवा लागून खवट होतं, आणि क जीवनसत्त्व तर आधीच उडून जातं. समुद्री माशांना ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची चरबी अन्नातूनच मिळावी लागते. गोड्या पाण्यातले पुष्कळ मासे ती थोडीफार स्वतः बनवतात, यांना ते जवळजवळ जमत नाही. म्हणून लहान डबा घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार महिन्यांत संपवा. ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म हे बारीक किडे गोड्या पाण्यातले, त्यांच्यावर समुद्री मासा पोसू नका. आणि आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे चिमुकले जीव) म्हणजे कुरमुरे. मासे तुटून पडतात, पोट भरतं, अंगी काही लागत नाही. नुकती फुटलेली पिल्लं पौष्टिक असतात, मोठी आर्टिमिया मात्र आधी स्पिरुलिना शेवाळावर ठेवून मग घालायची. फ्रोजनच आणायचं तर मायसिस आणा, तेही कोळंबीसारखे बारीक जीवच.

टँगची गोष्ट वेगळी. हवाईला तो दिवसभर प्रवाळांवरचं शेवाळ खुडत फिरतो, कासवांच्या पाठीवरचंसुद्धा सोडत नाही. अशा प्राण्याला दिवसातून दोन चिमट्या म्हणजे गाईला सकाळ-संध्याकाळ बिस्किट देण्यासारखं आहे. मी सीवूड्सच्या मॉलमधून सुशीची नोरी आणली, म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले कागद. साधी, तेल-मीठ-मसाला नसलेली. कपड्यांच्या चिमट्याला लोखंडी स्प्रिंग असते, ती खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून एका गुळगुळीत दगडाला रबर बँडने नोरीचा तुकडा बांधला आणि सोडला. तीन दिवस महाशयांनी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी तो लिबलिबीत कागद काढून टाकायचा, सकाळी नवा बांधायचा. चौथ्या दिवशी ऑफिसमधून परतताना गेले तर नुसता दगड आणि रबर बँड. मी त्या रिकाम्या घरात एकटीच मोठ्याने "शाब्बास" म्हणाले.

मग मला चेव आला, हे मान्य करते. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात दिवाळे गावच्या बाजारातून करंदी, माकूल आणि तिसऱ्या घेतल्या. घरी ठाण्याला वाटण करायला बसले. सासूबाई म्हणाल्या, आण इकडे. मी म्हटलं, आई, माशांसाठी आहे, सालासकट चालते, सालातूनच त्यांना रंग मिळतो. तर म्हणाल्या, "माझ्या घरात सालासकट कोळंबी कुणी खात नाही. मग मासा का असेना." आणि त्या बोटभर करंदीचं एकेक साल काढून, दोरा काढून, पाऊण तास बसून त्यांनी वाटीभर ढीग केला. त्यात माकूल, तिसऱ्यांचं मांस, चुरलेली नोरी, लसणाची एक पाकळी. मिक्सरच्या छोट्या भांड्यात भरडसर फिरवलं, झिपच्या पिशवीत पापडासारखं पातळ थापलं आणि फ्रीझरला टाकलं. लागेल तेवढा तुकडा मोडायचा, टँकच्याच पाण्यात विरघळवायचा, जुन्या चहाच्या गाळणीतून गाळायचा, पाणी फेकायचं, गाळ तेवढा घालायचा. मिक्सरचं भांडं मात्र वेगळं ठेवा. आमच्याकडे आठवडाभर चटणीला माकलाचा वास होता.

मीठ लावलेला सुका जवळा, चिकन, मटण यातलं काही नको. जमिनीवरच्या प्राण्याची चरबी त्यांना पचत नाही. पालकाचा पाला देणारे असतात, उपाशी ठेवण्यापेक्षा बरा, पण नोरीची सर नाही. कुणाकडे लायनफिश असेल आणि तो त्याला जिवंत गोल्डफिश घालत असेल तर आजच बंद करा. गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं थायामिनेज असतं, आणि ते गोठवून जात नाही.

भाऊजी परत आले तेव्हा टँगचं पोट भरलेलं होतं आणि खड्डे उथळ झाले होते. पण दगडांवर बोटभर हिरवं केसाळ शेवाळ होतं आणि पाण्यातला मळ फेसावाटे काढणाऱ्या स्किमरचा कप उतू गेलेला. त्यांनी आधी नायट्रेट मोजलं, मग माझ्याकडे पाहिलं. गणपतीतलं वाक्य असं होतं: "हिच्या चोचल्यांनी टँक नासला." सासूबाई समोरच बसल्या होत्या, ऋषीची भाजी वाढून घेत. त्याही काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक कार्यात ही गोष्ट निघते, आणि दर वेळी आकडा वाढतो. शेवाळ आता वीतभर झालंय.

तर शेवाळ माझी चूक. वाटण हलकं दिसतं आणि हात सैल सुटतो. क्लाउनना दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं सगळं नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, होऊन तुमच्याच मानगुटीवर बसतं. आठवड्याचं पाणी बदलणं मी दोनदा चुकवलं, तेही लिहून टाकते. टँगची नोरी मात्र रोज, रात्री उरलेली काढून टाकायची.

खड्ड्यांबद्दल भाऊजींचं म्हणणं असं की ते कार्बनमुळे (पाणी स्वच्छ करायला फिल्टरमध्ये ठेवतात त्या कोळशामुळे) होते. आल्यावर त्यांनी फिल्टरमधला कार्बन काढला, आणि चार-पाच महिन्यांत चेहरा पूर्ण भरून आला. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात तथ्य आहे. याच कुळातल्या माशांवरच्या प्रयोगात कार्बनमुळे असे खड्डे पडलेले दिसले आहेत. तुमच्याकडे कार्बन असेल तर नीट धुऊन वापरा, पूड पाण्यात जाऊ देऊ नका. पण मी नोरी सुरू केली मेमध्ये, कार्बन निघाला जुलैमध्ये, आणि पोट काही कार्बन काढून भरत नाही.

कच्च्या मासळीतून रोग यायची भीती असते, गोठवल्याने ती कमी होते, संपत नाही. हे आधी लिहायला हवं होतं. ज्यांना धोका नको त्यांनी फ्रोजन मायसिस आणि नोरी एवढ्यावर भागवावं. सोबत पेलेट असू द्या, पण आधी तुमच्या डब्याचा वास घ्या. चार फुटी टँक टँगला जेमतेम आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आणि भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचलंच तर: ती करंदी मी नाही सोलली. आईंनी सोलली. चोचले म्हणायचंच तर या गणपतीत त्यांना म्हणा.