साडेनऊची किल्ली

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात सांगते. ताई सरकारी कार्यालयातून ३० जूनला रिटायर झाल्या. (शाळेत मास्तरांनी जन्मतारीख १ जुलै लिहून टाकली होती. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस मास्तरांनीच ठरवलाय.) अठरा वर्षं केस काळे करत होत्या. निरोपाच्या दोन दिवस आधी शेवटचा डाय लावला आणि पापण्या टम्म सुजल्या. शाल-श्रीफळाच्या फोटोत सगळ्यांना वाटलं, बाई फार रडल्या! त्वचेच्या डॉक्टरांनी डाय बंद करायला सांगितला. आता डिसेंबरात लेकीचं लग्न आहे. पुण्याला नोकरी करणारी लेक महालक्ष्म्यांना घरी आली, आईला बघून रडायला लागली आणि म्हणाली, ‘लग्नापुरते तरी काळे कर.’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई म्हणतात, ‘मी जिती असतानी तू माह्यापेक्षा म्हातारी दिसून राहिली!’ ताई विचारतात, ‘काळे करू की राहू देऊ?’

प्रिय ताई,

केसांचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. करू नका. बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं. एकदा शरीरानं त्याच्याशी भांडण काढलं की ते सहसा आयुष्यभर मिटत नाही, आणि पुढच्या वेळी त्रास जास्त होऊ शकतो. ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी मिळते तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं. शुद्ध मेंदी केस लालसर करते, काळे करत नाही. तेव्हा कोणी प्रेमानं पुडी आणून दिली तर ठेवून घ्या, लावू नका. दुसरं काही लावायचंच झालं तर डॉक्टरांना विचारून, आधी त्वचेवर चाचणी करूनच. मांडवात वरमाय येतेय आणि वधूची आई सुजलेले डोळे घेऊन उभी आहे, हे लेकीलाही नको असेल.

काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा खटकतेय म्हणता, ते मला पटतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे जूनअखेरपासून आत्तापर्यंत चार, लग्नापर्यंत साडेपाच-सहा. खांद्यापर्यंत कापून घ्या, काळा भाग थोडा तरी कमी होईल. वर शेवंतीचा गजरा. पांढऱ्या केसांवर डाळिंबी किंवा गर्द जांभळी पैठणी किती उठून दिसते, ते एकदा दुकानातल्या आरशासमोर पदर खांद्यावर टाकून बघा. फिक्या रंगांच्या वाटेला जाऊ नका, हे माझं ठाम मत.

आता लेकीबद्दल. तिच्यावर रागावू नका. तुम्ही लिहिलंय की तिनं स्वतः पैसे मोजून चार बटा भुरकट करून घेतल्यात आणि तुम्हाला मात्र काळं करायला सांगते. मला तिच्या रडण्यात वेगळंच दिसलं. अठरा वर्षं तुम्ही दर तीन आठवड्यांनी रविवारी वाटीत डाय कालवत होतात. त्या पोरीनं तुम्हाला हळूहळू म्हातारं होताना पाहिलंच नाही. दिवाळीला पाहिलेली आई काळ्या केसांची, आणि महालक्ष्म्यांना दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या बाईनं. तिला एका दिवसात अठरा वर्षं दिसली. तीही स्वतः घर सोडून निघायच्या दोन-तीन महिने आधी. लग्नाचं तिनं निमित्त केलं असावं. तिला फोन करा आणि केसांचा विषय न काढता सांगा, ‘तब्येत ठणठणीत आहे, लग्नात नाचणार आहे.’ रडू का आलं, ते ती आपणहून बोलेल.

सासूबाईंना बोलू द्या. त्यांचं डोकं जन्मभर पदराखाली राहिलं, ते कधी पांढरं झालं कोणाला कळलंही नाही. तुमचं डोकं अठरा वर्षं डायखाली. लेकीचं उघडं, वर चार भुरकट बटा. एका घरात तीन बायका आणि तिघींच्या केसांवर तीन वेगळ्या काळांचा हुकूम. मला तर यात सासूबाईंचं वाक्य फार आवडलं. सून म्हातारी झाली तर आपण केवढ्या झालो, असं त्यांना वाटलं असणार. एक दिवस त्यांना जवळ बसवून तेल लावून द्या, आणि तुमच्याही डोक्याला त्यांच्या हातून लावून घ्या.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण ताई, चार पानं केसांवर लिहून तिसऱ्या पानाच्या तळाशी तुम्ही एक ओळ लिहिलीय. ती मी पाच-सहा वेळा वाचली. ‘यांचं तर विचारूच नका. साडेनऊ वाजले की गाडीची किल्ली घेऊन अंगणात उभे राहतात, पाच मिनिटांनी परत आत येतात. पेपर पुन्हा वाचत बसतात.’

तुम्ही हे वेंधळेपणा म्हणून लिहिलंय. आधीच्या पानावर तुम्हीच काय लिहिलंय ते आठवा. एकोणतीस वर्षं ते तुम्हाला ऑफिसला सोडत होते. पहिले चेतकवर, मग अ‍ॅक्टिव्हावर. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक आणि मग सिव्हिल लाइन्स. वीस-पंचवीस मिनिटं. घरात सासू-सासरे, पोरांच्या शाळा, तुमचा डबा, त्यांचा डबा. दिवसभरात दोघांना असं बोलायला मिळायचं ते तेवढंच. मे महिन्यात तोंडावर ओढणी गुंडाळून, सिग्नलला थांबलं की त्यांच्या कानाशी ओरडून. गॅस नंबर लावला का, लेकीच्या फीचं काय झालं, साहेब काय म्हणाला.

आणि ते स्वतः रिटायर झाले तीन वर्षांपूर्वी. त्यानंतरही तीन वर्षं रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुम्हाला सोडत राहिले. त्यांना सिव्हिल लाइन्सला काही काम होतं का हो? तुमच्या रिटायरमेंटनं तुमची नोकरी संपली. त्यांचीही त्याच दिवशी संपली, फक्त त्यांना कोणी शाल दिली नाही.

मी शाळेतून रिटायर झाले तेव्हाचा पहिला सोमवार मला अजून आठवतो. सवयीनं डबा भरून ठेवला. पोळी-भाजी, कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. मग तो ओट्यावर तसाच राहिला. दुपारी मिस्टरांनी तो उघडला, दोन ताटल्या घेतल्या, अर्धा-अर्धा केला आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवला. आज ते नाहीत. पण त्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आठवला की मला अजूनही बरं वाटतं. म्हणून तुम्हाला हे जरा घाईनं सांगतेय.

तुमचे मिस्टर फुटाळा तलावावर चला म्हणतात तेव्हा तुम्ही जात नाही. ‘पोट्ट्या-पोट्टींच्या गर्दीत पांढरं डोकं घेऊन कुठं बसायचं? लेकीचे होणारे सासरचे धरमपेठेत राहतात, पाहिलं तर काय म्हणतील?’ पाहू द्या ना! आपल्या होणाऱ्या सुनेचे आईवडील या वयात एकत्र चहा पितात, हे कळलं तर त्यांना पोरीच्या घरचं वळण कळेल. आणि तळ्याकाठच्या त्या पोरापोरींना एकमेकांकडे बघण्यातून सवड नसते, ते तुमच्याकडे कशाला बघतील.

आणखी एक. केसांबद्दल तुम्ही मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘आता आपण जोडीचे दिसून राहिलो.’ त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘हा काय सल्ला झाला?’ कपाटातून पेन्शनच्या फाइलमधला जोडीचा फोटो काढून बघा. तुम्हीच म्हणता, त्यात ते पांढरे, तुम्ही काळ्याभोर, बाप-लेक वाटावेत असे. ते पंचेचाळिसाव्या वर्षीच पांढरे झाले होते. इतकी वर्षं त्या फोटोत आणि लग्नाकार्यात तुमच्या शेजारी ते एकटेच म्हातारे दिसत उभे राहिले आणि कधी काही बोलले नाहीत. आता तुम्ही त्यांच्या बाजूला आलात, आणि त्यांनी ते तीन शब्दांत सांगितलं. ‘जोडीचे दिसून राहिलो.’ आपल्याकडच्या पुरुषांकडून याहून मोठं प्रेमपत्र क्वचितच येतं. हे मी मनापासून सांगते.

तेव्हा येत्या सोमवारी साडेनवाला ते किल्ली घेऊन बाहेर येतील, तेव्हा तुम्ही फाटकाशी तयार उभ्या राहा. ऑफिसला जायची तीच पर्स खांद्यावर. कुठं जायचं म्हणाले तर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला चला म्हणा. वर चण्याची लालभडक तर्री, कांदा, शेव, लिंबू पिळून. जाताना तोच जुना रस्ता घ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचंच आहे, तेही एकाच गाडीवर, एकाच दिवशी.

हेल्मेट मात्र दोघांनीही घाला. त्याखाली केस कुठल्या रंगाचे आहेत ते लॉ कॉलेज चौकातल्या एकालाही कळणार नाही. सिग्नलला गाडी थांबली की थोडं पुढं वाका आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोला. काय बोललात ते मला कळवू नका. लग्नाची पत्रिका तेवढी पाठवा.

तुमची,
मोठी ताई