माझ्या मताने काय होणार?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते, आता अमेरिकेची नागरिक आहे. ‘आमच्याकडचा निकाल ठरलेलाच असतो, माझ्या मताने काय होणार?’ असं ती म्हणते. इलेक्टोरल कॉलेजची पद्धत रद्द व्हावी का? मग लहान राज्यांचं काय?
– एक वाचक

उत्तर : माझ्या मते व्हावी, आणि लवकर व्हावी. या पद्धतीत राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर नाही, तर राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांवर ठरतो. यात एकाच पक्षाच्या मतदारांचं नुकसान होतं असं मात्र समजू नका. २०२० मध्ये रिपब्लिकन ट्रम्प यांना डेमोक्रॅटिक वळणाच्या कॅलिफोर्नियात साठ लाखांवर मतं पडली, टेक्ससपेक्षाही जास्त. हाती काय लागलं? शून्य. राज्यात जो पुढे, त्याला तिथली सगळी इलेक्टोरल मतं. ५५ च्या ५५ डेमोक्रॅट बायडेन यांना गेली. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं थोडी वाटणी करतात.

या पद्धतीमुळे लहान राज्यांना वजन मिळतं, हा मुद्दा मला कधीच पटला नाही. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, तरी त्याला ३ मतं. कॅलिफोर्नियाचं प्रमाण लावलं तर एकही धड वाट्याला येत नाही. एवढं वजन देऊनही तिथे प्रचाराला कोण फिरकतं? उमेदवार तळ ठोकतात पेनसिल्व्हेनियात, कारण ते मोठंही आहे आणि डळमळीतही, कधी या पक्षाकडे तर कधी त्या.

२००० सालचं फ्लोरिडा आठवा. देशभरात डेमोक्रॅट उमेदवार अल गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे, पण सगळी निवडणूक येऊन अडकली एका राज्यातल्या ५३७ मतांवर. तिथे बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेला छिद्र पाडून मत देत. छिद्र आरपार पडलंय की कागदाचा कपटा कडेला लोंबतोय, हे अधिकारी मतपत्रिका उजेडाकडे धरून, भिंग लावून बघत होते. ती दृश्यं मी अजून विसरू शकत नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने फेरमोजणी थांबवली आणि गोर यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश जिंकले. थेट निवडणुकीत हाच घोळ देशभर होईल, असं या पद्धतीचे समर्थक म्हणतात. पण पाच लाखांचा फरक मोजायला भिंग कशाला लागलं असतं?

रद्द करणं मात्र महाकठीण. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी ती मंजूर केलीही. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये चर्चा लांबवून ती अडवली गेली. म्हणून काही राज्यांनी आपसात करार केलाय : देशात ज्याला सर्वाधिक मतं, त्यालाच आमची इलेक्टोरल मतं. कॅलिफोर्निया त्यात २०११ मध्येच सामील झालं. सामील राज्यांच्या इलेक्टोरल मतांची बेरीज ५३८ पैकी २७०, म्हणजे बहुमताएवढी, झाली की करार लागू होईल. पण आजवर आलेली राज्यं बहुतेक डेमोक्रॅटिक वळणाची आहेत, आणि रिपब्लिकन राज्यं आल्याशिवाय तो टिकेल असं मला वाटत नाही.