झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरच्या गेममधला फॉन्ट स्क्रीनशॉट ट्रेस करून बनवता येतो का? कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानाच्या एलईडी पाटीवर इंग्रजी-मराठी दोन्ही चालवायचंय. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

ट्रेस करू नका. उद्यमनगरात पाट्या जोडताना याच शब्दावरून माझी आणि पार्टनरची सहा महिने खडाजंगी चाललीय, तेव्हा उत्तर झणझणीत येणार.

फॉन्ट स्क्रीनवर शोधायचाच नसतो, तो मेमरीत आयता पडलेला असतो. एका अक्षराला आठ बाइट, एक बाइट म्हणजे आठ ठिपक्यांची एक आडवी ओळ. स्पेक्ट्रमच्या रॉममधला, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीतला कॅपिटल ए बघा: ०, ६०, ६६, ६६, १२६, ६६, ६६, ०. साठ म्हणजे मधले चार ठिपके, सहासष्ट म्हणजे दोन बाजूचे दोन खांब, एकशेसव्वीस म्हणजे मधली पट्टी. संपलं. यात ट्रेस करायचं राहिलंय काय? रॉममधला अख्खा संच १५६१६ ते १६३८३ या पत्त्यांवर आहे: ९६ चिन्हं, ७६८ बाइट.

गेमचा स्वतःचा फॉन्ट असेल तर इम्युलेटरमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात, गेम चालू ठेवून २३६०६ आणि २३६०७ या पत्त्यांवरचे दोन बाइट वाचा. दुसऱ्याला २५६ ने गुणून पहिल्यात मिळवा, वर आणखी २५६ घाला. तिथे स्पेसपासून फॉन्ट सुरू होतो. उत्तर १५६१६ च आलं, तर गेम एकतर रॉमचाच फॉन्ट वापरतोय, नाहीतर अक्षरं छापायचा कोड त्याने स्वतःचा लिहिलाय. कोड स्वतःचा असेल तर एसएनए स्नॅपशॉट काढा, म्हणजे त्या क्षणाची मेमरी फाइलमध्ये उतरवा. ४८ केची ही फाइल ४९१७९ बाइटची असते, पहिले २७ बाइट हेडरचे. पत्त्यातून १६३८४ वजा करून २७ मिळवले की फाइलमधली जागा मिळते. झेड-८० ही दुसऱ्या प्रकारची स्नॅपशॉट फाइल बहुतेक वेळा दाबलेली (कॉम्प्रेस्ड) असते, तिच्यात शोधत बसू नका. फाइल आठ ठिपके रुंदीच्या पट्टीत उघडली की अक्षरं माळेसारखी खाली उतरताना दिसतात. डोकं एकाचं नि पाय दुसऱ्याचे दिसले, तर सुरुवात एक ते सात बाइट सरकवा.

आता पार्टनरची पाटी. पी-टेनची, म्हणजे दहा मिलिमीटर अंतरावर ठिपके असलेली, चार एलईडी मॉड्यूल ओळीने, म्हणजे १२८ बाय १६ ठिपके. गड्याने जेपीजी स्क्रीनशॉट घेतला, तोही अडीचपट ताणलेला. त्यात काही ठिपके दोन पिक्सेल रुंद, काही तीन, म्हणजे एकाच अक्षराचे दोन खांब वेगळ्या जाडीचे. वर ऑटोट्रेस मारला, म्हणजे सॉफ्टवेअरलाच कडा गिरवायला लावल्या, कोपरे गोल झाले. एकरंगी पी-टेनला चालू किंवा बंद एवढंच कळतं. सॉफ्टवेअरने कडा करड्या केल्या, मग त्या करड्याचा निकाल स्वतःच लावला. एमचा मधला भाग गायब, आठचा आकडा भरीव ठोकळा. आणि दोष कुणाला? मॉड्यूलला! पॉवर सप्लाय बदलला, रिबन केबल बदलली, तरी आठ भरीवच. शिवाय लॅपटॉपचं स्केलिंग १२५ टक्के, त्यामुळे १२ पॉइंटचे १६ ऐवजी २० पिक्सेल झाले आणि सगळ्या अक्षरांची डोकी उडाली.

सॉफ्टवेअर म्हणाल तर फॉन्टफोर्ज, फुकट आहे. एम (हे अक्षर नव्हे, फॉन्टच्या चौकटीची उंची) १०२४, एक ठिपका १२८ चा. अक्षरं टेकतात त्या रेषेच्या वरची उंची ८९६, खालची १२८, लाइन गॅप शून्य. हे आकडे तीन ठिकाणी भरावे लागतात, तिन्हीकडे तेच भरा, नाहीतर प्रत्येक प्रोग्रामात ओळींचं अंतर वेगळं पडतं. ओळीतले सलग ठिपके एकाच आयतात घ्या, मग रिमूव्ह ओव्हरलॅप मारून आयत एकसंध करा. सुटे चौकोन ठेवलेत तर जोडावर केसाएवढ्या रेघा उमटतात. नुसत्या कोपऱ्याला टेकलेल्या चौकोनांवर फॉन्टफोर्ज कुरकुर करेल, करू दे. त्याचं ऐकून बिंदू ढकललात तर जाळी मोडते. हिंटिंग (कडा आपोआप पिक्सेलवर बसवायची सोय) बंद. साइज पिक्सेलमध्ये आठच्या पटीतच.

मराठीचं मात्र आठ ओळीत जमत नाही, कुणी काही सांगू दे. सोळा घ्या: वेलांटी-मात्रेला तीन, शिरोरेषेला एक, अक्षराला आठ, उकाराला चार. ठिपका मग ६४ चा, साइज सोळाच्या पटीत. गेमची इंग्रजी अक्षरं दुप्पट करून याच फॉन्टात बसतात, पण १२८ रुंदीत आठच मावतात. शिरोरेषा अक्षराच्या पूर्ण रुंदीभर न्या, बाजूची मोकळी जागा शून्य, नाहीतर रेघ तुटते. चाचणीला ‘कोल्हापूर’ लिहा, त्यात सगळी दुखणी बाहेर येतात. अर्ध्या ल चा दांडा काढला की पाच उभ्या ओळी पुरतात. ह ची शेपटी उकाराच्या जागेत उतरू द्या, वरच आवरलीत तर ड वाटतो. ल आणि श मराठी वळणाचेच काढा.

एक कबूल करतो. काही गेम मेमरीत बारीक अक्षर ठेवतात आणि छापताना प्रत्येक बाइट एक ठिपका उजवीकडे सरकवून मूळ बाइटवर ओततात, की अक्षर ठळक. एकदा मी बारीकच फॉन्ट बनवला, तेव्हा पार्टनर स्क्रीनशॉट नाचवत आला आणि बरोबर होता. तेव्हा स्क्रीनशॉट जवळ ठेवा, पण ताडून बघायला. कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरचा गेम असेल तर अक्षरांचा क्रमही वेगळा असतो, तिथे ए एक नंबरला येतो. फॉन्टला गेमचं नाव देऊन विकायला मात्र काढू नका.

पाटीच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येतात का, तेही आधी बघा. येत नसतील तर मजकूर कॉम्प्युटरवरच लिहून काळ्या-पांढऱ्या बीएमपी चित्राच्या रूपात पाटीत घाला. पार्टनरच्या पाटीवर अजून ‘कोल् हापूर’ फिरतंय.