इनडोअर रेंजवर कोणती काडतुसं चालतात? आधी लोहचुंबक लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राने दिलेला ५.५६ मिमी रायफल-काडतुसांचा डबा घेऊन तुम्ही अमेरिकेत डॅलसजवळच्या एका इनडोअर (बंदिस्त) शूटिंग रेंजवर गेलात. काउंटरवरच्या माणसाने एक काडतूस काढून गोळीच्या टोकाला लोहचुंबक लावलं आणि डबा परत तुमच्या हातात दिला. शेजारच्या गड्याची रायफल तीच, काडतूसही त्याच मापाचं, त्याला मात्र आत सोडलं. मग नियम नक्की आहे तरी काय?

गोळीच्या टोकाला हिरवा रंग होता ना? मग ती एम८५५ या प्रकारची. ६२ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आत शिसं आणि शिशाच्या पुढे पोलादाचं टोक. शेजाऱ्याची बहुधा ५५ ग्रेनची असणार, आत सगळं शिसं आणि वर तांब्याचं कवच. काउंटरवरचा माणूस माप नंतर बघतो, गोळी कशाची बनली आहे ते आधी.

कारण मागची भिंत. बहुतेक ठिकाणी तिथे कडक पोलादाचे तिरके पत्रे असतात, काही ठिकाणी रबराच्या तुकड्यांचा ढीग. शिशाची गोळी पत्र्यावर आपटली की चपटी होते, फुटते, खाली पडते. पोलादी टोक पत्र्याला खळगा पाडतं, आणि पुढची गोळी त्या खळग्यात लागली तर तिचे तुकडे कुठे उडतील त्याचा नेम नाही. दुसरी भीती ठिणगीची. फायरिंग लाइनच्या पुढे जमिनीवर न जळलेल्या दारूचे कण साचतात, रोज झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतात. त्यात रबराचा ढीग असेल तर बघायलाच नको. म्हणून ट्रेसर (जळत जाऊन वाट दाखवणाऱ्या), आग लावणाऱ्या आणि चिलखतभेदी गोळ्यांना सगळीकडेच बंदी. त्यावर काउंटरवर वाद घालू नका.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते ‘टुला’ आणि ‘वुल्फ’ या ब्रँडांसारख्या स्वस्त रशियन मालाला. गोळीत शिसंच असतं, पण कवच पोलादाचं आणि त्यावर तांब्याचा पातळ मुलामा. डोळ्यांना अस्सल तांबं वाटतं, चुंबक मात्र टक्कन चिकटतं. सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने देणं थांबवलं, तरी लोकांच्या गॅरेजमध्ये जुने डबे आहेतच. चुंबक लावताना गोळीलाच लावा, पुंगळीला (दारू भरलेल्या मागच्या नळीला) नव्हे. पोलादी पुंगळीचं दुखणं वेगळं: रेंजवाले रिकाम्या पितळी पुंगळ्या भंगारात किंवा रीलोडिंगवाल्यांना (त्या पुन्हा भरून वापरणाऱ्यांना) विकतात, त्यात पोलादी मिसळल्या की निवडत बसावं लागतं. धोका काही नाही, पण पुष्कळ रेंज त्याही नाकारतात.

शॉटगन असेल तर आधी फोन करा. स्लग (एकच मोठी गोळी) आणि बकशॉट (मोठे छर्रे) बऱ्याच ठिकाणी चालतात, बर्डशॉट (बारीक छर्रे) नाही. ते पसरतात आणि टार्गेट ओढणाऱ्या तारा, क्लिपा, कधी दिव्यांचीही चाळण करतात.

हवेचाही प्रश्न आहे, आणि त्याकडे लोक फारसं लक्ष देत नाहीत. उघड्या शिशाच्या, ओतीव गोळ्या काही रेंज घेत नाहीत; .२२ च्या छोट्या काडतुसांना बहुधा सूट असते. साध्या एफएमजे (फुल मेटल जॅकेट, म्हणजे वरून धातूचं कवच असलेल्या) गोळीचं बूडही उघडंच असतं, तप्त वायू तिथलं शिसं उडवतो. टीएमजे (टोटल मेटल जॅकेट) लिहिलेल्या गोळीचं बूडही झाकलेलं असतं. शिवाय नेहमीच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) शिशाचं संयुग असतंच. कामगारांसाठी ओशाची (अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था) मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम शिशाची आहे, तेव्हा मालक चिकित्सा करतो ती उगाच नाही. तुम्ही निघताना गार पाण्याने आणि साबणाने हात-तोंड धुवा, आणि घरी लहान मूल असेल तर त्याला उचलण्याआधी कपडे बदला.

बाकीचं भराभर. घरी भरलेली काडतुसं काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाहीत. भाड्याच्या बंदुकीत बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच घेतलेली काडतुसं वापरावी लागतात, बाहेरपेक्षा महाग पडली तरी. .३०८ हे मोठ्या रायफलचं काडतूस सगळीकडे चालेलच असं नाही, आणि त्याहून कितीतरी मोठं .५० बीएमजी इनडोअरला जवळपास विसराच. नवीन माणसाने ९ मिमीची पितळी पुंगळीची, शिशाच्या गाभ्याची एफएमजे घ्यावी, शक्यतो डबा न फोडता न्यावा. कुणी अडवणार नाही.

आपल्याकडे बालेवाडीला नेमबाजी केलेल्यांना हा घोळ माहीत नसतो, कारण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांतच १० मीटरचे ४.५ मिमीचे छर्रे आणि ५० मीटरची .२२ ची गोळी शिशाची किंवा तशाच मऊ पदार्थाची हवी असं लिहिलेलं आहे. नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कांस्य मिळवलं ते याच .२२ रायफलने.

आता तुम्ही न विचारलेलं, पण गोळीच्या प्रकारापेक्षा महत्त्वाचं. तुम्ही ग्रीन कार्डावर आहात की व्हिसावर, ते लिहिलेलं नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा बी-२ वर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. यातल्या अपवादांपैकी आपल्या लोकांना जमण्यासारखा म्हणजे एखाद्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. रेंजवर कुणी विचारलं नाही म्हणजे चालतं असं समजू नका. भारतातून आलेल्या आईवडिलांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांनीही हे आधी वाचावं. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राला नको.

आणि रेंजवर नेलेली सॅक भारतात येताना वापरू नका. बाजूच्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलं आणि मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं, की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रिकामी पुंगळी निघाली तरी चौकशीत विमान चुकू शकतं.