वाचकांचे प्रश्न : बांधकामावरची इंग्रजी

प्रश्न (अमळनेर) : मी मराठी माध्यमातून दहावी झालो असून सध्या स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील गवंडी असल्यामुळे काम लहानपणापासून पाहिले आहे; परंतु तोंडी परीक्षेत बेंडिंग, बकलिंग, क्रशिंग, शिअर, कॉम्पॅक्शन, कन्सोलिडेशन या शब्दांत माझा गोंधळ उडतो. शब्दकोश पाहून पाठ केले, तरी आठवडाभरात विसरतो. हे शब्द पक्के कसे करावेत?

उत्तर : आपण शब्दकोश पाहून पाठ करता, हीच अडचण आहे. शब्दकोश एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवतो आणि मराठी बोलण्यात ‘वाकणे’ हे एकच क्रियापद बेंडिंगलाही चालते, बकलिंगलाही चालते. स्थापत्यातील क्रियावाचक शब्द शिकताना जोर कोणत्या दिशेने लागला, वस्तू आखूड-जाड होती की लांब-सडपातळ, आणि पदार्थ नेमका कोठे निकामी झाला, एवढे पाहावे. हे आपण वडिलांच्या कामावर पाहिलेले आहे. त्यावर फक्त इंग्रजी नाव बसवायचे आहे.

दोन भिंतींवर टेकलेल्या बीमवर वरून भार आला की तो मध्ये खाली झुकतो. हे बेंडिंग. त्यात बीमचा खालचा भाग ताणला जातो, म्हणजे तेथे टेन्शन असते, आणि वरचा भाग दाबला जातो, म्हणजे तेथे कॉम्प्रेशन असते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. म्हणून अशा बीमच्या मुख्य सळया खालच्या बाजूला असतात. छज्जा मात्र एकाच बाजूने भिंतीत धरलेला असतो. तो झुकतो तेव्हा त्याचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून त्याची मुख्य सळई वर ठेवावी लागते. काँक्रीट टाकताना त्या सळईवर मजुराचा पाय पडून ती खाली दबली, तर सेंट्रिंग काढल्यावर छज्जा कोसळू शकतो. वडील यासाठी मजुरांवर ओरडत असतील, तर ते बेंडिंगचाच धडा देत आहेत.

बकलिंगमध्ये भार उभ्या वस्तूच्या लांबीच्या दिशेने येतो, आणि ती वस्तू चिरडण्यापूर्वीच बाजूला वाकते. स्लॅबखाली लावलेल्या लांब बल्ल्यांना मध्यावर आडवे बांधून घेतात, ते याचसाठी. ऑयलरच्या सूत्रानुसार, टोके तशीच धरलेली असताना लांबी दुप्पट केली, तर बकलिंगचा भार एक चतुर्थांशावर येतो. मध्यावर आडवा आधार दिला की हाच हिशेब उलटा लागू होतो. क्रशिंग हे आखूड आणि जाड वस्तूचे निकामी होणे आहे. १५० मिलिमीटर बाजूचा काँक्रीटचा घन यंत्रात दाबून फोडतात, तेव्हा आपण क्रशिंग पाहत असतो. एम २० या नावातील २० हा आकडा २८ दिवसांनंतरच्या त्याच चाचणीतला, प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन असा आहे.

शिअर हा शब्द विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, कारण त्याला मराठीत बोलीतला सरळ शब्द नाही. कात्रीची दोन पाती एकमेकींना लगटून उलट दिशांना सरकतात, तसे पदार्थाचे दोन शेजारचे भाग एकमेकांवरून सरकू पाहतात, तेव्हा तो शिअर असतो. बीममध्ये तो आधाराजवळ जास्त असतो आणि तेथे तिरप्या भेगा पाडतो. कामावर ज्यांना आपण रिंगा म्हणतो, त्या स्टिरप्स मुख्यतः हा शिअर घेण्यासाठी असतात. म्हणूनच नकाशात आधाराजवळ रिंगा जवळजवळ आणि मध्यावर लांब लांब दाखवलेल्या असतात. परीक्षकांनी विचारल्यास व्याख्येच्या आधी रिंगांचे हे उदाहरण द्यावे. विषय समजला आहे, हे त्यातून लगेच दिसते.

कॉम्पॅक्शन आणि कन्सोलिडेशन यांच्याबाबत आपली चूक नाही. जोत्यात मुरूम भरून धुम्मसने ठोकतो किंवा रोलर फिरवतो, तेव्हा मातीतील हवा निघून जाते आणि हे काम तेवढ्यापुरते, थोड्या वेळात होते, ते कॉम्पॅक्शन. इमारतीच्या कायमच्या भाराखाली ओल्या चिकणमातीतील पाणी सावकाश बाहेर पडून ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे दबत राहते, ते कन्सोलिडेशन. परंतु रस्त्याच्या कामांच्या जुन्या सरकारी लिखाणात खडीवर रोलर फिरवण्यालाही कन्सोलिडेशन म्हटलेले आढळते आणि जुने मुकादम तोच शब्द वापरतात. मृद्‌शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत मात्र हा फरक कसोशीने पाळावा. सेंट्रिंगचेही असेच आहे. मुळात हा शब्द कमान बांधताना खाली द्यायच्या तात्पुरत्या आधारासाठी आहे. आपल्याकडे तो स्लॅबखालच्या साऱ्या फळ्या-बल्ल्यांना लागू झाला. पुस्तकात काँक्रीटला आकार देणाऱ्या साच्याला फॉर्मवर्क आणि त्याखालच्या आधाराला फॉल्सवर्क म्हटलेले सापडेल.

एक वही करावी आणि प्रत्येक शब्दाला एक पान द्यावे. पानावर साधी आकृती, जोराच्या दिशेचा बाण आणि आपण तो प्रकार कोणत्या कामावर पाहिला, याची एक ओळ असावी. मराठी प्रतिशब्द शेवटी लिहावा. सुचला नाही, तर जागा मोकळी ठेवावी.

प्रश्न (जळगाव) : आमच्या घराचा स्लॅब एप्रिलमध्ये पडला. मिस्त्री म्हणतात, ‘स्लॅब सेट झाला, तीन दिवस पाणी मारले, आता पुरे.’ माझा भाऊ म्हणतो, क्युरिंग व्हायला हवे. सेट होणे आणि क्युरिंग यांत फरक काय? शिवाय कामावर सगळ्यालाच ‘माल’ म्हणतात, त्यामुळे सिमेंट, मॉर्टर, काँक्रीट हेही नीट कळत नाही.

उत्तर : आपले बंधू बरोबर सांगत आहेत, आणि येथे शब्दाच्या गोंधळामुळे स्लॅबचे नुकसान होऊ शकते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेटिंग म्हणजे ओल्या मिश्रणाचा मऊपणा जाऊन ते आकार धरणे. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगते की प्रारंभिक सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि अंतिम सेटिंगला ६०० मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये. म्हणजे सेट होणे ही काही तासांची गोष्ट आहे. त्यानंतर ताकद वाढत जाते, त्याला हार्डनिंग म्हणतात, आणि ती ताकद वाढावी म्हणून काँक्रीटमधील ओल टिकवून धरणे हे क्युरिंग. काँक्रीट वाळल्यामुळे कडक होते, असा फार मोठा गैरसमज आहे. सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेने, म्हणजे हायड्रेशनने, ते कडक होते. पाणी उडून गेले की ही क्रिया मध्येच थांबते.

आयएस ४५६ या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस सतत ओले ठेवावे लागते. जळगाव-भुसावळकडचा एप्रिल कोरड्या आणि उष्ण हवेतच मोडतो, हे वेगळे सांगायला नको. आपल्या गोणीवर पीपीसी असे लिहिले असेल, तर त्या सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश, म्हणजे आपल्या दीपनगरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळसा जळून उरणारी बारीक राख, मिसळलेली असते. असे सिमेंट ताकद सावकाश धरते, म्हणून त्यासाठी १४ दिवसांपर्यंत क्युरिंग करण्याची शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारणे पुरेसे नाही, कारण दुपारी स्लॅब कोरडा पडतो. स्लॅबच्या कडेने आणि मधून मधून मालाची पाळ बांधून पाणी तुंबवून ठेवावे. कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे.

आता ‘माल’. सिमेंट ही फक्त गोणीतली पूड. सिमेंट, वाळू आणि पाणी यांचे मिश्रण म्हणजे मॉर्टर. ते विटा जोडायला आणि गिलाव्याला लागते. त्यातच खडी आली की ते काँक्रीट. वाळू आणि खडी या दोघींना मिळून अ‍ॅग्रिगेट म्हणतात, आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडते ते फाइन, वर राहते ते कोर्स. पाण्यासारखे पातळ करून भेगांत किंवा फरशीच्या सांध्यांत ओततात ते ग्राउट. ‘सिमेंटचा रस्ता’ आपण बोलतो, पण तो रस्ता काँक्रीटचा असतो. लेखी करारात हे शब्द अचूक हवेत, कारण दर त्यांवरच ठरतात.

प्रश्न (शहादा) : मी माध्यमिक शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी डॅम, विअर, बॅरेज, बंड हे शब्द स्थानिक उदाहरणांनी समजावायचे आहेत. भूगोलात येणारा डाइक हा शब्दही मुलांना बांध वाटतो.

उत्तर : उदाहरणे आपल्या परिसरातच आहेत. सारंगखेडा आणि प्रकाशा येथे तापीवर आहेत ती बॅरेजेस. बॅरेजमध्ये पाणी अडवण्याचे काम मुख्यतः दरवाजे करतात आणि पुरात ते उचलले की नदी जवळपास मोकळी वाहते. विअर म्हणजे माथ्यावरून पाणी वाहू देणारा बंधारा. पांझरा नदीवरील फड पद्धतीचे जुने दगडी बंधारे विअरमध्ये मोडतात, कारण ते पाणी साठवण्यापेक्षा त्याची पातळी थोडी उंचावून ते पाटात वळवतात. डॅम पाणी साठवतो. तापीवरच्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत, म्हणून मुले त्यालाही बॅरेज म्हणतील. त्यांना सांगावे की केवळ दरवाजे असण्यावर नाव ठरत नाही, मागे जलाशय साठवण्याचा हेतू आहे की नाही, यावर ठरते. बंड हा मातीचा बांध. इंग्रजीत तो आपल्या उपखंडातूनच गेला.

डाइकचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ पाणी रोखणारा बांध असा आहेच, त्यामुळे मुले अगदीच चुकत नाहीत. भूशास्त्रात मात्र डाइक म्हणजे खडकाच्या भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची उभी भिंत. धुळे-नंदुरबार भागात अशा डाइकची मोठी संख्या आहे. आजूबाजूचा खडक झिजून गेल्यावर त्या लांबच लांब, सरळ टेकड्यांसारख्या उरतात. एखादी सहल तेथे न्यावी.

प्रश्न (यावल) : आमचे जुने धाब्याचे घर उतरवायचे ठरले आहे. त्याआधी परदेशी असलेल्या नातवंडांसाठी त्याची इंग्रजीत नोंद करून ठेवण्याची इच्छा आहे. भिंत, खांब, धाबे यांना योग्य शब्द कोणते?

उत्तर : आपला विचार फार मोलाचा आहे, आणि अशा नोंदी घराघरांत व्हायला हव्यात. आपण ‘पाडायचे’ न म्हणता ‘उतरवायचे’ म्हटले आहे. इंग्रजीतही डिमॉलिश न लिहिता डिस्मँटल लिहावे, कारण सागाचे लाकूड सुटे करून पुन्हा वापरता येते.

मातीच्या भिंतीला नुसते मड वॉल लिहिणे मला अपुरे वाटते. इंग्रजीत मातीच्या भिंतींची नावे ती हातांनी कशी उभी केली, यावरून पडली आहेत. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची किंवा भेंड्यांची असेल तर अडोबी. ओल्या मातीचे गोळे थरावर थर रचून उभी केली असेल तर कॉब. दोन फळ्यांमध्ये ओलसर माती घालून ठोकली असेल तर रॅम्ड अर्थ. काड्यांच्या कुडावर माती लिंपली असेल तर वॉटल अँड डॉब. भिंत उतरताना तिचा छेद उघडा पडेल, तेव्हा नीट पाहून मगच नाव लिहावे. जोते दगडी असेल, तर त्याला प्लिंथ म्हणावे. दगड टाकीने घडवलेले आणि बारीक सांध्यांचे असतील तर अ‍ॅशलर, अनघड असतील तर रबल मेसनरी.

लाकडी खांबाला पोस्ट हा शब्द कॉलमपेक्षा बरा. त्यावरची मोठी तुळई बीम, आणि तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या म्हणजे जॉइस्ट. खांबाचे कुसू तुळईच्या खाचेत बसवलेले असेल, तर तो मॉर्टिस अँड टेनन सांधा होय. किलचणाला आणि धाब्याला मात्र ओढूनताणून इंग्रजी शब्द शोधू नयेत. ‘किलचण’ आणि ‘धाबे’ हेच शब्द ठेवून, कड्यांवर आडव्या बसवलेल्या लाकडी चिपा आणि त्यांवरचे मातीचे सपाट छत, असा खुलासा एकदा करावा. ‘सारवणे’ हेही तसेच ठेवावे. प्लास्टर लिहिले तर नातवंडांना शेणकाल्याचा बोध होणार नाही. भिंतीला पांढरे क्षार फुटले असतील, म्हणजे लोणा लागला असेल, तर त्याला एफ्लोरेसन्स हा नेमका शब्द आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा. घर उभे असतानाच जमिनीचा नकाशा, म्हणजे प्लॅन, आणि उभा छेद, म्हणजे सेक्शन, मापांसह काढून घ्यावा. शाळकरी मुलालाही टेप धरून ते जमते. कड्यांना खडूने क्रमांक घालावेत आणि तेच क्रमांक आकृतीत लिहावेत. धाबे उतरताना मजुरांना एका कोपऱ्यात थोडे थांबवून वरच्या मातीपासून किलचणापर्यंतचा प्रत्येक थर मोजावा, आणि मोजपट्टी दिसेल असे छायाचित्र घ्यावे, कारण माती एकदा खाली ओढली की थरांची जाडी पुन्हा कळण्याचा मार्ग राहत नाही.